फोटोतलं काळं चांगलं असतं

माझ्या बायकोची माझ्याविषयी एक जुनी तक्रार आहे. मी समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नाही, हाताकडे बघून बोलतो. मुलीचं ठरवायला पाहुणे आले होते, तेव्हा मुलाचे वडील घरदार, शेतीवाडी सगळं सांगत होते आणि मी त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं न्याहाळत बसलो होतो. पाहुणे गेल्यावर तिनं मला फैलावर घेतलं. मी म्हणालो, "माणूस चांगला आहे, पण बिडी ओढतो आणि लपवतो." त्यावर ती म्हणाली, "सोयरीक पोट्ट्यासंग करायची हाये का त्याच्या बापाच्या बोटासंग?"

तिचं बरोबर होतं. पण सगळी नोकरी लोकांच्या छातीचे एक्स-रे काढण्यात गेल्यावर सवयी जात नाहीत. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या मोठ्या इस्पितळात मी एक्स-रे टेक्निशियन होतो. आता दुर्गला मोहन नगरात राहतो आणि सकाळी फिरायला गेलो तरी लोकांची बोटंच बघतो. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकवाल्यांनी सांगितलं की काही हलकंफुलकं लिहा, इस्पितळातले गमतीदार पेशंट वगैरे. गमतीदार पेशंट होते. पण ते पुढे कुठे गेले हे मला माहीत असल्यामुळे हलकं किती जमेल सांगता येत नाही.

ज्यांनी एक्स-रे फक्त काढून घेतला आहे, त्यांच्यासाठी आमचं काम थोडक्यात सांगतो. इकडे सगळे एक्स-रेला फोटोच म्हणतात. माणूस कमरेच्या वर उघडा होतो, गळ्यातला ताईत, माळ, किल्ल्यांचा जुडगा बाजूला ठेवतो, फिल्म ठेवलेल्या चपट्या पेटीवर, म्हणजे कॅसेटवर, हनुवटी टेकवून आमच्याकडे पाठ करून उभा राहतो. आम्ही म्हणतो, "लंबी सांस लो. रोको. छोडो." हे तीन शब्द मी आयुष्यात किती वेळा म्हणालो असेन देव जाणे. बायको सांगते की मी झोपेतसुद्धा म्हणत असे. श्वास रोखून धरला तरच फोटो नीट येतो, आणि ओढणाऱ्याची परीक्षा तिथंच होते. "रोको" म्हटलं की त्याला खोकल्याची उबळ येते, फोटो हलतो, फिल्म वाया जाते. मग पुन्हा कॅसेट लावा, पुन्हा "लंबी सांस लो". जुन्या बिडीवाल्यांची फुप्फुसं इतकी फुगलेली असत की ती आडव्या फिल्ममध्ये मावत नसत, कॅसेट उभी लावावी लागे.

त्यानंतर डार्करूम. लाल दिव्याच्या उजेडात फिल्म आधी डेव्हलपरमध्ये, मग फिक्सरमध्ये, मग पाण्यात. त्या डेव्हलपरनं आमची बोटं कायमची तपकिरी होत. म्हणजे ज्यानं जन्मात बिडीला हात लावला नाही, त्या माझीच बोटं अट्टल बिडीबाजासारखी! माझ्या सासऱ्यांनी लग्नाआधी यावरून बरीच चौकशी केली होती.

मी ओढत नसे याचं श्रेय माझ्या शहाणपणाला नाही. आमचं गाव तिरोड्याकडचं. माझी आई बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. तिनं एकही बिडी कधी ओढली नाही, पण खोकायची मात्र ओढणाऱ्यासारखी. त्या बिड्यांवरच मी शिकलो. पुढे भिलाईत आलो तर त्याच आमच्याकडच्या बिड्या इथल्या पानठेल्यांवर दिसल्या. आईनं वळलेली बिडी कुणीतरी ओढायची आणि त्याचा फोटो मी काढायचा, असा आमच्या घराचा धंदा होता म्हणा.

फोटो वाचण्याची एक गोष्ट इथं सांगून ठेवतो, कारण पुढे तिचं काम पडणार आहे. एक्स-रेत हवा काळी दिसते. म्हणजे छाती काळी दिसली तर फुप्फुसात हवा आहे, ठीक आहे. जिथं पांढरं, तिथं काहीतरी भरलंय, पाणी असेल, क्षय असेल, आणखी काही असेल. लोकांना हे उलटं वाटतं. नवऱ्याची काळीभोर फिल्म बघून बाया माझ्यासमोर पदर तोंडाला लावून रडल्या आहेत, "पाहा बरं, धुरानं सारं काळं करून ठेवलं." मी त्यांना समजावायचो की बाई, फोटोतलं काळं चांगलं असतं. त्यांना ते पटत नसे.

सत्तरच्या दशकात मी कामाला लागलो तेव्हा भिलाई बिडीवर चालत होती असं म्हटलं तरी चालेल. कारखान्याची पाळी सुटायच्या वेळेला सायकलींचा लोंढा निघे आणि त्यावर निळा धूर तरंगत जाई. आत जाताना काडीपेटी गेटवर काढून ठेवावी लागे, पण ज्याच्या समोर लाल कोळसा पडतोय त्याला काडीपेटी हवी कशाला! कोक ओव्हनचे, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांवरचे लोक लपवून ओढायचे म्हणून पेटतं टोक तळहाताकडे करून बिडी मुठीत धरायचे. त्यांचा डाग बोटांवर नसे, तळहातावर असे. ऑफिसातल्या बाबूंचा डाग दोन बोटांच्या मध्ये, कारण त्यांना लपवायचं कारण नव्हतं. हात बघून मी खातं सांगायचो. मित्रांत माझी त्यावरून चांगली छाप होती, आणि मलाही त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

त्या वेळी लोकांना भीती होती ती अनफिट ठरण्याची. ठरावीक मुदतीनं तपासणी व्हायची आणि प्रत्येकाला पास व्हायचं असायचं. त्यासाठी एक युक्ती सगळ्यांना ठाऊक होती. फोटोच्या आधी व्हरांड्यात उभं राहून दोन-तीन बिड्या एकामागून एक ओढायच्या. कफ सुटतो, छाती मोकळी होते, आणि फोटो साफ येतो! हे ज्येष्ठ लोक नव्या पोरांना सांगायचे. म्हणजे जो कधी ओढत नव्हता तोही फोटोच्या दिवशी ओढायला शिकायचा. मी व्हरांड्यात जाऊन ओरडायचो. ते बिडी पाठीमागे लपवायचे आणि मी आत वळलो की पुन्हा सुरू.

बिडी आणि सिगारेट यांतला फरक बढतीचा होता. माणूस चार्जमन झाला की बिडीची सिगारेट व्हायची, रिटायर झाला की सिगारेटची पुन्हा बिडी. लग्नकार्यात बडीशेप-सुपारीच्या ताटात सिगारेटी मांडून फिरवत. आमच्या खेड्यातले पाहुणे त्या उचलत, फिल्टर दातानं तोडून थुंकत आणि मग पेटवत. कापूस कोण ओढणार! याउलट आमच्या ओळखीचे एक मराठी अधिकारी होते, नागपूरचे, त्यांचा फिल्टरवर इतका विश्वास की ते मला म्हणाले, "लांजेवार, विष सगळं त्या कापसात अडकतं हो. आपण फक्त सुगंध घेतो." त्यांचा फोटो मीच काढला. पुढे त्यांना जिना चढायला माणूस लागायचा. सिगारेट मात्र फिल्टरचीच होती, शेवटपर्यंत.

बायकांचं कोणी विचारत नसे. उतईकडून बांधकामाला येणाऱ्या रेजा बाया पानाची चोंगी ओढत, उघड्यावर, पुरुषांच्या बरोबरीनं. क्वार्टरमधल्या बाया गुडाखू घासत, तंबाखू आणि गुळाची काळी लुकण, सकाळी दाताला लावायची. एका म्हातारीला मी विचारलं, कशाला घासतेस माय? ती म्हणाली, "बिहनिया गुड़ाखू नइ घिसबो त मुड़ पिराथे, बाबू." सकाळी नाही घासलं तर डोकं दुखतं म्हणे. आमच्या मराठी घरांतही ती डबी हळूच शिरली होती. हळदीकुंकवाला कुणी बोलत नव्हतं, एवढंच.

आता देवरावची गोष्ट.

देवराव कापगते साकोलीकडचा, कोक ओव्हनला होता. आमच्या शेजारचंच क्वार्टर त्याचं. मधल्या कुंपणावरून भाजी इकडे, लोणचं तिकडे असा आमचा संबंध. वयानं माझ्यापेक्षा मोठा, पण मला भाऊच म्हणायचा. तळहातावर डाग असलेला पक्का बिडीवाला. एका तपासणीत त्याला "रोको" म्हटल्यावर अशी उबळ आली की तो कॅसेटला धरून खालीच बसला. मी त्या दिवशी त्याला बरंच सुनावलं. म्हटलं, देवरावभाऊ, तुमच्या वयाच्या माणसांच्या फिल्मा मी धुतल्या आहेत, त्यातली निम्मी माणसं आता नाहीत. त्यानं शर्ट चढवला आणि कामावर गेला. पण त्या वर्षी सेक्टरचा गणपती शिरवायला आम्ही तलावावर गेलो, तेव्हा त्यानं खिशातून बिडीचं बंडल काढलं, मूर्तीसोबत पाण्यात सोडलं आणि म्हणाला, "गणपतीसंग हेबी शिरवलं, भाऊ." आणि खरोखर सुटली. लोकांची बिडी सुटते आणि पुन्हा लागते हे मी पुष्कळ पाहिलंय. देवरावची सुटली ती सुटलीच. तळहाताचा डाग फिका होत होत गेला. दरवर्षी गणपतीत तो मला हात दाखवायचा आणि मला भारी बरं वाटायचं. माझ्या बोलण्यानं एक माणूस वाचला, अशी माझी समजूत होती.

ऐंशीच्या दशकात वारं फिरलं. नोकरीत असताना आजारानं कामाला निकामी ठरलेल्या माणसाच्या घरातल्या एकाला नोकरी मिळण्याची तेव्हा सोय होती. सोय चांगलीच होती, कितीतरी घरं तिनं तगली. पण भिलाईत मोठी झालेली पोरं आयटीआय करून ठेल्यांवर उभी राहायला लागली, नवी भरती आटली, तशी बापांची नजर त्या सोयीकडे वळली. ज्या खात्यांतल्यांना आधी पास व्हायचं असायचं, त्याच खात्यांतली माणसं आता नापास व्हायला येऊ लागली. मेडिकल बोर्डासमोर जाण्याआधी जिना दोनदा चढून-उतरून धापा टाकत येणारे मी पाहिले. एकजण तर छातीवर राख चोळून आला होता, फोटोत येईल म्हणून! आम्ही डार्करूममध्ये हसलो. ज्यांनी तसलं काही केलं नाही, नुसती बिडी वाढवली, त्यांच्यावर मात्र आम्हाला हसता आलं नाही.

एका सकाळी कौसल्यावहिनी, देवरावची बायको, कुंपणाशी आली. मी सायकल काढत होतो.

"भावजी, तुमीच समजवा यायले. सकाळपासून फुंकून राहिले."

"कोण? देवराव?"

"नाही त कोन? अंगणात बसते, एक इझली का दुसरी. मी इचारलं कावून, त म्हणते पोट्ट्यासाठी."

पोट्टा म्हणजे प्रमोद. एकुलता एक, आयटीआय फिटर, सुपेल्याच्या एका गॅरेजात पाने उचलायचा. शांत मुलगा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी सायकल तशीच टाकून त्यांच्या अंगणात गेलो. देवराव बाजेवर बसला होता. मला बघून बिडी लपवली नाही, उलट ओढली. मी त्याचा हात उलटा करून पाहिला. तळहातावर डाग परत आला होता.

"हे काय चाललंय?" मी म्हणालो. "गणपतीसमोर शिरवली होती ना?"

"गणपती मले माफ करन. त्यालेबी बाप होता."

"अहो, पण छातीचं काय?"

"छातीसाठीच त करून राहिलो जी." तो हसला. खोकला आला, तो आवरून म्हणाला, "तुमी हिसाब पाहा. रिटायर झालो त पोट्ट्याले काही नाही, क्वार्टरबी जाते. नोकरीत मेलो त त्याले लागते. अनफिट झालो तरी लागते. मंग मरण्यापेक्षा अनफिट बरं का नाही? थोडा धूर त पेयचा हाये."

"आणि अनफिट होऊन नंतर काय करणार?"

"साकोलीले जाईन. बिडी सोडीन. एकदा सोडली होती ना? आपल्याले सोडता येते." हे तो अगदी खात्रीनं म्हणाला. सोडता येते हे मीच त्याला दाखवून दिलं होतं.

प्रमोद आतून आला आणि दारात उभा राहिला. "काका, मले नाही पायजे अशी नोकरी. सांगा यायले." देवराव त्याच्यावर खेकसला, "तू चूप रे! तुले इचारलं कोनं?" प्रमोद आत गेला. मी पुन्हा पुन्हा जाऊन सांगितलं. बायकोला पाठवलं. डॉक्टरांकडे नेतो म्हटलं, तर देवराव म्हणाला, "बोर्डाच्याच डाक्टरकडे जाईन, एकदाच." त्यात बातमी उठली की ही सोय आता बंद होणार. खरी की खोटी कोण जाणे, पण त्यानंतर त्याच्या अंगणात बिडी विझलेली मी पाहिली नाही. मला त्याचा राग यायचा. ज्या माणसाची मी इतरांना उदाहरण म्हणून गोष्ट सांगायचो, तो भिंतीपलीकडे रोज खोकत होता आणि मी ते ऐकत जेवत होतो.

त्याच्या फोटोचा दिवस आला. शर्ट काढून तो कॅसेटशी उभा राहिला. बरगड्या मोजता आल्या असत्या. मी म्हटलं, "लांब श्वास घ्या, देवरावभाऊ. रोखा." त्याला मी मराठीत सांगत असे. या वेळी मात्र उबळ आली नाही. त्यानं श्वास नीट रोखला. मला क्षणभर वाटलं, बरा आहे, काही झालेलं नाही, बोर्ड याला परत कामावर पाठवणार आणि हा रडणार.

डार्करूममध्ये फिल्म डेव्हलपरमध्ये हलवताना वरच्या बाजूला, उजव्या फुप्फुसात, एक गोल दिसू लागला. पांढरा. लाल उजेडात आधी नीट कळत नाही, म्हणून मी फिल्म फिक्सरमध्ये टाकली, पाण्यातून काढली आणि बाहेर दिव्यासमोर धरली. गोल तिथंच होता. मी असे गोल पाहिले होते. फिल्म कुणाची आहे हे तोवर कधी मनाला इतकं लागलं नव्हतं. मी ती खुंटीला लावून टाकली.

देवराव शर्टाची बटणं लावत मागे येऊन उभा राहिला होता. ओल्या फिल्मकडे बघून तो खूश झाला.

"पाहा भाऊ, सारं काळं! जळालं पूर्ण." मग त्यानं त्या गोलावर बोट ठेवलं. "हे एवढंच पांढरं उरलं हाये चांगलं. एवढ्याशावर काय फिट करन मले?"

मी इतक्या बायांना समजावलं होतं की फोटोतलं काळं चांगलं असतं. देवरावला मला ते सांगता आलं नाही. निदान करणं टेक्निशियनचं काम नाही, ते डॉक्टरांचं, असा नियम आहे आणि तो बरोबर आहे. त्या दिवशी त्या नियमामागे मला लपता आलं, आणि मी लपलो. "डॉक्टरसाहेब सांगतील," एवढंच म्हणालो.

डॉक्टरांनी काही लपवलं नाही. आणखी तपासण्या केल्या, मग कौसल्यावहिनीला आणि त्याला समोर बसवून सांगितलं. मराठीत समजावायला मला बोलावलं होतं, पण हिंदी देवरावला चांगली येत होती. डॉक्टर म्हणाले, "देवराव जी, फेफड़े में गाँठ है. अच्छी वाली गाँठ नहीं है." आणि उपचार काय करता येतील, काय येणार नाहीत, ते सांगितलं. वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. देवरावनं सगळं ऐकून घेतलं, हात जोडले आणि विचारलं, "साहब, फिर अनफिट लिखेंगे ना?"

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला. मग म्हणाले, "लिखना ही पड़ेगा."

बोर्डाचा निकाल झाला त्या दिवशी तो पेढ्यांचा पुडा घेऊन आमच्या खात्यात आला. सगळ्यांना वाटले, रांगेतल्या पेशंटनासुद्धा. मला म्हणाला, "आ करा." मी नको म्हणत होतो, तर माझ्या तोंडात त्यानं अख्खा पेढा कोंबला. पेढा तोंडात होता म्हणून बरं, मला काही बोलावं लागलं नाही. जाताना दारातून तो परत वळला.

"भाऊ, ते पांढरं होतं ना, तेच होतं काय जी?"

मी हो म्हणालो.

"मी त त्यालेच चांगलं समजत होतो," तो म्हणाला आणि गेला.

प्रमोदला नोकरी लागली. आदेश यायला वेळ लागला, पण देवराव तोवर टिकला. पहिल्या पाळीला प्रमोद निघाला तेव्हा देवरावला बाजेसकट अंगणात आणलं होतं. डोक्यावर हेल्मेट, पायात सेफ्टी बूट, हातात डबा. देवराव त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याला जवळ बोलावलं आणि माझ्यासमोर त्याच्याकडून वदवून घेतलं. "बिडी, सिगारेट, चोंगी, कायलेच हात लावायचा नाही. माही आण हाये. हे लांजेवारकाका गवाह." प्रमोदनं बापाच्या पायावर हात ठेवून शपथ घेतली. त्या थंडीतच देवराव गेला. आम्ही त्याला शिवनाथच्या काठी नेलं. त्याच्या एका पुतणीनं मागाहून विचारलं की काका बिडी सोडायला तयार नव्हते का हो?

पुढे नव्वदचं दशक आलं आणि भिलाई बदलली. आमच्या टेबलांवरचे अ‍ॅशट्रे गेले. व्हरांड्यातला धूर कमी झाला. लग्नाच्या ताटातून सिगारेटी गेल्या. तपासणीला येणाऱ्या तरुण पोरांची बोटं मी बघायचो, तर स्वच्छ! ना बोटांच्या मध्ये डाग, ना तळहातावर. "रोको" म्हटलं की रोखून धरायचे. आडवी कॅसेट पुरायची. मला वाटायचं, पोरं शहाणी झाली, बापांचं बघून शिकली. खात्यात मी बढाई मारायचो की भिलाईची छाती आता साफ होत चालली. ठेल्यांवर गुटख्याच्या पाउचच्या रंगीत माळा लटकू लागल्या होत्या, जिन्याचे कोपरे लाल झाले होते, अर्ध्या शहराच्या तोंडाला वेलचीचा गोड वास यायचा. पण ते माझ्या कॅसेटवर उमटत नव्हतं. इतक्या वर्षांत मी छाती बघायला शिकलो होतो, तोंड बघायला नाही.

प्रमोद तपासणीला आला तेव्हा मी रिटायरमेंटला आलो होतो. दुसऱ्या सेक्टरात राहायला गेल्यापासून त्याची गाठ क्वचित पडे, आणि याआधीचे त्याचे फोटो दुसऱ्या टेक्निशियननं काढले होते. आता तो चांगला भरला होता, लग्न झालं होतं. मी सवयीनं आधी हात बघितला. दोन्ही तळहात स्वच्छ. मला भडभडून आलं. तो कॅसेटशी उभा राहिला, हनुवटी टेकवली, मी म्हटलं, "लांब श्वास घे, बेटा. रोख." त्यानं असा रोखला की मीच "सोड" म्हणायला विसरलो. फिल्म धुतली. बापाचा गोल जिथं होता तिथं निव्वळ काळं, सुंदर काळं. मी ती दिव्यासमोर धरून त्याला दाखवली आणि म्हटलं, "हे बघ. देवरावनं हे पाहायला हवं होतं."

"शपथ पाळली काका," तो म्हणाला. ओठ फारसे न हलवता बोलायचा, आवाज दातांमागून यायचा. मला वाटलं, लहानपणापासून कमी बोलणारा, असेल तसाच. अंगाला वेलचीचा वास होता.

मग त्यानं पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला. मुलगी झाली होती. मला एकदम देवरावच आठवला, तोच दरवाजा, तसाच पुडा. मी त्यातला मोठा पेढा उचलला आणि म्हणालो, "आधी तू. तुझ्या बापानं मला असा कोंबला होता. चल, आ कर."

त्यानं तोंड उघडलं. पेढा दातांना लागून थांबला.

"मोठा कर रे."

"एवढंच होते, काका," तो म्हणाला. "दोन वर्सं झाली. जेवाले थोडा त्रास होते, बाकी काही नाही." माझं बोट आडवं जेमतेम आत गेलं असतं, एवढी फट. तिच्यातून पांढुरक्या पडलेल्या गालाची आतली बाजू दिसत होती, आणि दातांना तो लाल-काळा रंग, जो मी रोज जिन्यात ओलांडून येत होतो. माझा चेहरा बघून त्याला वाटलं की माझा गैरसमज झाला. तो घाईघाईनं म्हणाला, "पुडीच खातो फक्त. बिडीले मी अजून हात लावला नाही. बाबाची आण हाये ना."

मी त्याला हाताला धरून तसाच वरच्या मजल्यावर डॉक्टरांकडे नेलं. त्याआधी मात्र, त्याचा मान ठेवायचा म्हणून, मी तो पेढा मोडला आणि एकेक कण त्या फटीतून त्याला भरवला.